ओळखलंस ना, बाळू?

यतीन वझे हीथ्रोच्या दारातून ट्रॉली ढकलत बाहेर पडला आणि सतीश पोतनीस त्याच्या अंगावर कोसळले.

कोसळले हा शब्दसुद्धा सौम्यच. विमानतळावर घ्यायला आलेली माणसं साधारणपणे हात हलवतात. फारच प्रेमळ असली तर फुगा आणतात. सतीशकाकांनी मधला पट्ट्याचा अडसर छातीने बाजूला लोटला, दोन्ही हात पसरले आणि ते असे धावत आले की वाटेत उभ्या असलेल्या एका स्विस कुटुंबाचे दोन तुकडे झाले. ते कुटुंब पुढे एकत्र आलं की नाही, कोणालाच माहीत नाही. बंदूकवाल्या पोलिसाने बंदूक जरा उचलली आणि काकांचा चेहरा दिसताच खाली केली; तो त्यांना चांगला ओळखत होता. मग मिठी. तीत यतीनचे पाय जमिनीवरून सुटले, ट्रॉली आपली आपण चालत जाऊन कॉफीच्या रांगेत उभी राहिली आणि काकांची माकडटोपी सरकून यतीनच्या डोळ्यांवर आली. ब्रिटनचं पहिलं दर्शन त्याला मरून रंगाच्या लोकरीतून झालं.

"ओळखलंस ना मला?" काका गरजले.

हा प्रश्न खरं तर मराठी माणसाला विचारू नये. लग्नाच्या हॉलमध्ये कोणीतरी आजोबा मनगट धरून हेच विचारतात. आपण "हो हो, म्हणजे काय!" म्हणतो, त्यांच्या शेजारी बसून मठ्ठ्यापर्यंत अख्खं जेवण जेवतो आणि घरी आल्यावर आईला विचारतो, ते कोण होते? 'नाही ओळखलं' असं उत्तर कोणी दिल्याचं ऐकिवात नाही. त्यात यतीन पुण्याचा असला तरी कोथरूडचा, म्हणजे त्यातल्या त्यात भिडस्त. त्यात पुन्हा आत्याने निघताना बजावलं होतं, "माझ्या ओळखीचे एक गृहस्थ घ्यायला येतील. लहानपणी त्यांनी तुला कडेवर घेतलंय. ओळख दाखव. खांबासारखा उभा राहू नकोस." भारतातलं सिमकार्ड विमानातच मान टाकून बसलं होतं, त्यामुळे आत्याला विचारायची सोय नव्हती.

"हो हो काका!" टोपीच्या आतून यतीन म्हणाला. "म्हणजे काय!"

"बघ! आणि अरुणा म्हणत होती, नावाची पाटी घेऊन जा. पाटी धरायला मी काय टॅक्सीवाला आहे? चल, बाळू."

काका तरुण मुलांना सरसकट बाळू म्हणत असावेत, असं यतीनला वाटलं. पुण्यात त्याला याहून वाईट नावांनी हाका मारणारे लोक होते. तो मुकाट निघाला.

सतीशकाकांनी सगळी नोकरी याच विमानतळावर केली. विमानाच्या पोटात शिरून बॅगा चढवायच्या आणि उतरवायच्या. जगातल्या झाडून सगळ्या राष्ट्रांचे संसार आपल्या खांद्यावरून गेलेत, असं ते सांगत, आणि खांदे बघितले की ते खरं वाटे. तरुणपणी डोंबिवलीहून ते स्वतः इथे उतरले तेव्हा त्यांना न्यायला मावसभाऊ यायचा होता. तो आला नाही. सतीशने बाकावर बसून सकाळ होण्याची वाट बघितली आणि सुटकेस चोरीला जाऊ नये म्हणून बुटाची नाडी तिच्या कडीला बांधली. सकाळी मावसभाऊ आल्याचं दिसताच तो आनंदाने उठून धावला आणि सुटकेससकट तोंडावर आपटला. इंग्लंडच्या भूमीला त्याने केलेला तो पहिला साष्टांग नमस्कार. तेव्हाच त्याने ठरवलं की आपण इथे असेपर्यंत आपल्या माणसावर ही पाळी यायची नाही.

आणि आली नाही. विमानतळाजवळच्या हाउन्सलोच्या घरातली पुढची खोली तेव्हापासून पाहुण्यांची झाली. पुण्याची सॉफ्टवेअरवाली पोरं, मुंबईच्या बँकांमधल्या मुली, नागपूरची नवपरिणीत जोडपी, सगळी त्या खोलीत पहिले दोन-तीन दिवस राहिली. त्या दिवसांत काका त्यांना गाडीत घालून ओळखीच्या घरोघर फिरवत. कोणाकडे जुनी रजई मिळे, कोणाकडे कुकर, कोणाकडे घरभाड्याबद्दल भलते सल्ले. सोमवारपर्यंत नव्या माणसाला चार घरं हक्काची झालेली असत. आयुष्यात काकांनी एकाच गोष्टीची बढाई मारली: "हीथ्रोवर उतरलेलं आपलं एकही माणूस माझ्या हातून चुकलेलं नाही." ही बढाई त्यांनी शेजाऱ्यांना ऐकवली, डॉक्टरांना ऐकवली, गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसाला तर दोनदा ऐकवली.

बसमध्ये ती यतीननेही ऐकली. पार्किंगचे पैसे देणं काकांच्या तत्त्वात बसत नसल्यामुळे विमानतळावर ते नेहमी बसनेच जात.

"येत्या रविवारी लेस्टरच्या मराठी मंडळात माझा सत्कार आहे," काका खिडकीकडे बघत, फार महत्त्वाचं नसल्यासारखं म्हणाले. "शाल, श्रीफळ. एकही माणूस चुकलं नाही म्हणून. तुला स्टेजवर दोन शब्द बोलायचेत. सगळ्यात ताजा पाहुणा म्हणून."

"बोलतो की," यतीन म्हणाला. त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. तो फिजिओथेरपिस्ट होता. लेस्टरच्या एका हॉस्पिटलात मंगळवारी रुजू व्हायचा होता आणि तिथली खोली त्याला रविवार संध्याकाळपासून मिळणार होती. सुटकेस बसच्या कप्प्यात ठेवताना काकांनी दातांतून श्वास घेतला, ते त्याने बघितलं होतं. उतरतानाही ते डावीकडे झुकले. ही कंबर बरी नाही, त्याने मनाशी नोंद केली. सांगू सावकाश.

घरी अरुणाकाकूंनी वरणभात, वांग्याची भाजी आणि मुळ्याची कोशिंबीर केली होती. काकू प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात कित्येक वर्षं काम करून निवृत्त झालेल्या, त्यामुळे कोण किती खाणार हे त्यांना चेहऱ्यावरून कळे. यतीनने वाकून नमस्कार केला आणि बॅगेतून बाकरवडीची पाकिटं काढली. काकूंनी एकदा पाकिटांकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"अगोबाई, बाकरवडी," एवढंच म्हणाल्या आणि पाकिटं डब्यात रिकामी केली. पहिल्या मुठीवर काकांनी हक्क सांगितला.

मग यतीनने वायफायचा पासवर्ड मागितला आणि त्याच्या सुखाचा शेवट झाला. आत्याच्या त्या गृहस्थांचा मेसेज सकाळपासून येऊन पडला होता: ऑफिसात अडकलोय, येऊ शकत नाही, सॉरी, कोच-बस पकडून लेस्टरला जा. त्याखाली आत्याचा: 'ते येत नाहीयेत म्हणे! तू कुठे आहेस?'

यतीनने मान वर केली. आपण कुठे आहोत, हे त्यालाही जाणून घ्यायचं होतं.

समोर काका फोन स्पीकरवर टाकून नागपूरशी बोलत होते. "वहिनी, बाळू पोचला! हा काय, माझ्यासमोर जेवतोय. वांगं खातोय!"

"हो भाऊजी, त्याचाही मेसेज आला, पोचलो म्हणून," पलीकडून बाईंचा आवाज आला. "तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त. वांगं खातोय? इथे तर शिवत नव्हता!"

"इंग्लंडची हवा!" काका म्हणाले.

दोन-चार वाक्यांत यतीनला सगळं समजलं. काकांचा कॉलेजातला मित्र देवपुजारी, त्याचा नागपूरचा मुलगा नकुल, घरचं नाव बाळू. ब्रॅकनेलच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलेला. काकांनी त्याला शेवटचा त्याच्या मुंजीत पाहिलेला. खरा बाळू कुठेतरी सुखरूप होता आणि आईला मेसेज करत होता, हे ऐकून यतीनचा जीव जरा खाली आला. पण मग स्वतःचं काय?

"काका, एक सांगायचं होतं—"

"काही सांगू नकोस. आधी जेव. अरुणा, त्याला भात वाढ." काकांनी त्याच्याकडे प्रेमाने बघितलं. "तुला सांगतो, इतक्या गर्दीत मी तुला बघताक्षणी ओळखला. मुंजीतला तो चकोट चेहरा! कपाळ अगदी तेच!"

यतीनचे केस गेल्या वर्षीपासून मागे हटत होते. त्याचा हात आपोआप कपाळाकडे गेला. ह्या माणसाला आता सांगायचं, की ते कपाळ दुसऱ्याचं होतं? रविवारी अंगावर शाल पडायची आहे आणि शुक्रवारी सांगायचं, की तुमचं माणूस चुकलं? आणि नाही सांगितलं, तर भरल्या सभेत बाळू देवपुजारी म्हणून उभं राहायचं. रविवारच्या आत बोलणं भाग होतं. त्याने आत्याला लिहिलं, 'ओळखीच्यांकडे आहे,' आणि भात घेतला.

शनिवारी काकांनी मुद्दाम ब्रॅकनेल काढलं. "तुझं ऑफिस तिकडेच ना? गाव बघून घे." तिथे श्रीकांत राहत असे. हासुद्धा कधीकाळी पुढच्या खोलीत झोपलेला. आता एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत मोठा साहेब. त्याच्या ऑफिसची इमारत सगळी काचेची. काकांनी गाडी थांबवून ती यतीनला अशी दाखवली, की जणू तिच्या काचा त्यांनीच पुसल्या होत्या.

"माझ्या पहिल्या दिवशी हे माझ्याबरोबर ऑफिसात आले होते," श्रीकांत चहा देताना म्हणाला. "मी म्हटलं, काका, तुम्ही जा आता. तर म्हणे, जातो. लंचला खाली आलो, तर रिसेप्शनला बसलेले! अंगात एअरपोर्टचं पिवळं जॅकेट. माझी मॅनेजर विचारते, हा सिक्युरिटीचा माणूस कोणाचा?"

"मग? नवीन पोरगं, पहिला दिवस," काका म्हणाले. "वरून रडत खाली आलं असतं, तर?"

"रडतच आलो होतो," श्रीकांत म्हणाला आणि हसला. मग यतीनकडे वळला. "तू काय करतोस रे? फ्रंट-एंड की बॅक-एंड?"

यतीनने अनेक वर्षं पाठीच्या मणक्यांवर काढली होती. खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. "बॅकच," तो म्हणाला.

"लोड फार असतो का?"

"लोडचं काही नाही. पण चुकीच्या पद्धतीने उचलला की सगळं जागच्या जागी लॉक होतं. मग माणूस उभा राहत नाही."

"सिस्टिम म्हणतोस का? वा!" श्रीकांत काकांना म्हणाला, "पोरगं खोलात जाऊन विचार करतं हं, काका."

"माझा पाहुणा आहे," काका म्हणाले.

येताना गाडीत यतीनने तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा काकूंनी मागच्या सीटवरून त्याच्या हातात बाकरवडी ठेवली.

रविवारी सकाळी ते लेस्टरला निघाले. काकांची मुलगी ऋजुता तिथे राहत असे आणि सत्काराचा हॉल बेलग्रेव्ह रोडपासून जवळच होता. 'कपडे आत आहेत' अशी सबब सांगून यतीनने आपली अख्खी सुटकेस बरोबर घेतली. बेत असा, की ऋजुताच्या घरी पोचल्या पोचल्या काकांना बाजूला घ्यायचं, सगळं सांगायचं, पाया पडायचं आणि सुटकेस घेऊन आपल्या खोलीवर निघून जायचं.

दारात ऋजुता आणि तिची चौदा वर्षांची मुलगी तनू उभ्या होत्या. यतीन सुटकेसला हात घालणार, तेवढ्यात काका पुढे झाले.

"काका, ती फार जड आहे. राहू द्या."

"जड? अरे, अख्खी जंबो जेट रिकामी केलीत ह्या हातांनी! तनू, बघ, आजोबा बॅग कशी उचलतात!"

बॅग त्यांनी उचलली. एका हाताने, कमरेत वाकून, वर एक झोकदार वळण घेऊन. फिजिओथेरपीच्या पुस्तकात 'असं कधीही करू नये' म्हणून जे चित्र असतं, ते यतीनला जिवंत बघायला मिळालं. काका दारातून आत दोन पावलं चालले आणि तसेच, अर्धे वाकलेले, थांबले.

"बाबा?" ऋजुता म्हणाली.

"काही नाही," काका गालिच्याला म्हणाले. "जरा... इथेच बरं वाटतंय."

आणि इथे भिडस्त यतीन वझे कुठेतरी निघून गेला आणि त्याच्या जागी भलताच माणूस उभा राहिला. "हलू नका. श्वास घ्या. माझ्या मानेवर हात टाका. असं. आता एका कुशीवर. तनू, खुर्ची आण. ऋजुताताई, उशी. काकू, रस्ता सोडा." बघता बघता काका पॅसेजमध्ये उताणे, पोटऱ्या खुर्चीवर, डोक्याखाली उशी. "पायाची बोटं हलवा. छान. मुंग्या येतायत का? सकाळपासून लघवीला काही त्रास? नाही ना? मग घाबरायचं कारण नाही. स्नायू धरलाय. हे दुखणं आजचं नाहीये, काका. तुम्ही वर्षभर तरी लपवताय."

"दीड वर्ष," काकू म्हणाल्या.

हळूहळू काकांच्या चेहऱ्यावर रंग आला. श्वास मोकळा झाला. तनू जिन्याच्या पायरीवर बसून कुरकुरीत बटाट्याच्या चकत्या खात होती.

"ते खूप कूल होता," ती म्हणाली. "पण तू तर आयटीमध्ये आहे ना? मग हा सगळा तुला कसा येते?"

यतीन काकांच्या डोक्याखालची उशी नीट करू लागला.

"सॉरी, नो ऑफेन्स," तनूने आणखी एक चकती तोंडात टाकली, "पण तू कोण आहे?"

जो प्रश्न शुक्रवारपासून एकाही मोठ्या माणसाच्या तोंडून फुटला नव्हता, तो लेस्टरमध्ये जन्मलेल्या मुलीने चकत्या खाता खाता विचारून टाकला. आता 'हो हो, म्हणजे काय' म्हणायची सोय उरली नाही. यतीन काकांच्या डोक्याशी गालिच्यावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. आत्या, न आलेले गृहस्थ, मेसेज, सगळं. काका उताणे होते. उठून जायची सोय नसल्यामुळे त्यांनी सगळं छताकडे बघत ऐकलं.

"म्हणजे," शेवटी ते म्हणाले, "मी बाळूला चुकवला."

फार हळू आवाजात म्हणाले. काका हळू बोलू शकतात, हे ऋजुताला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"बाळू ठीक आहे, काका. त्याने आईला मेसेज केलाय, तुमच्यासमोरच वहिनी म्हणाल्या ना. मी शुक्रवारीच सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही."

"मला तेव्हाच कळलं होतं," काकू म्हणाल्या.

काकांनी मान वळवायचा प्रयत्न केला. यतीनने ती धरून ठेवली. "काय कळलं होतं?"

"देवपुजारींकडून आजवर जे कोणी आलं, ते संत्रा बर्फी घेऊन आलं. ह्याने बाकरवडी काढली. नागपूरहून कोणी बाकरवडी आणतं का? तुम्हीच तर निम्मा डबा संपवलात!"

"मग बोलली का नाहीस?"

"पानावर बसलेल्या पाहुण्याला विचारू, तू कोण म्हणून? आणि तुम्ही त्याला बाळू बाळू करत होतात, तो ओ देत होता. मला वाटलं, तुमचं काय ते ठरलं असेल."

ऋजुताने नकुलला फोन लावला आणि स्पीकर काकांच्या छातीवर ठेवला.

"काका, सॉरी," पलीकडून खरा बाळू म्हणाला. "मी ब्रॅकनेलला हॉटेलमध्ये आहे. कंपनीने टॅक्सी पाठवली होती. मी तुम्हाला एअरपोर्टवर बघितलं, येतच होतो तुमच्याकडे. पण तुम्ही ऑलरेडी कोणाला तरी मिठी मारत होतात. मला वाटलं, तुमचं काम झालं."

"आणि आईला काय सांगितलंस?"

"काकांकडे आहे म्हणून. नाहीतर ती रागावली असती."

"काल आम्ही ब्रॅकनेललाच होतो की रे!" काकांच्या छातीवरचा फोन हलला. काकूंनी तो उचलून कानाला लावला. "बाळू, जेवतोस काय तिथे?"

"सँडविच."

"शुक्रवारपासून?" काकूंनी फोन बाजूला धरून डोळे मिटले. इतका वेळ त्यांना कशाचंच वाईट वाटलं नव्हतं; आता वाटलं.

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "ऋजू, मंडळाला कळव. सत्कार नको. खोट्या गोष्टीची शाल मी अंगावर घेणार नाही."

"कळवायचं ते तुम्ही स्वतः कळवा," काकू म्हणाल्या. "स्टेजवरून. तीन डझन लाडू वळलेत मी."

"मी चालणार कसा?"

"तासाभराने मी उठवतो," यतीन म्हणाला. "हळूहळू चालाल. मी शेजारी असेन."

आणि दुपारी काका चालले. यतीनच्या खांद्यावर हात, एक एक पाऊल, ताठ मान. हॉल भरलेला होता. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी माईकवरून सांगितलं, की ज्यांनी ज्यांनी हाउन्सलोच्या पुढच्या खोलीत पहिली झोप काढली, त्यांनी उभं राहावं. खुर्च्या सरकल्याचा एवढा मोठा आवाज झाला, की बाहेरून कोणीतरी डोकावून गेलं. आजोबा उभे राहिले, कंपनीचे साहेब उभे राहिले, कडेवर पोरं घेतलेल्या डॉक्टरणी उभ्या राहिल्या. ब्रॅकनेलहून खास आलेला श्रीकांत खुर्चीवर चढून उभा राहिला. शेवटी मागच्या दारात जेवणाची मांडामांड करणारा केटरर होता, तोही हातातली पळी छातीशी धरून उभा राहिला. बसलेली दिसली ती फक्त तनू, आणि तीसुद्धा व्हिडिओ काढत होती म्हणून.

काकांना माईक मिळाला. एरवी ते माईकशिवायही ऐकू येत.

"बसा, बसा. आधी माझं ऐका, मग शालीचं बघा. एकही माणूस चुकलं नाही, असं मी सांगत आलो. ते आता खरं राहिलेलं नाही. परवा मी देवपुजारींच्या मुलाला आणायला गेलो आणि ह्याला घेऊन आलो." त्यांनी यतीनचा दंड पुढे ओढला. "हा कोण, मला आज सकाळी कळलं. तेही पाठ धरली म्हणून."

हॉल हसला. काका थांबले, मग म्हणाले, "हसा. पण एक गोष्ट आहे. मी ज्याला चुकवला, त्याच्यासाठी बाहेर टॅक्सी उभी होती. ह्याच्यासाठी कोणी म्हणजे कोणी नव्हतं. आणि ह्याला ते माहीतसुद्धा नव्हतं! तेवढ्या गर्दीत मी नेमका ह्याच्याकडे धावलो. का, ते मला विचारू नका. सवय झालीय. आता तुम्ही ठरवा, शाल द्यायची की नाही ते."

"द्या!" मागून पळीवाला ओरडला. बाकीच्यांचा आवाज त्यानंतर कितीतरी वेळ थांबेना. शाल पांघरताना यतीनने काकांना वाकू दिलं नाही. अध्यक्षबाईंनाच स्टुलावर चढवलं.

मग यतीनला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याने माईक धरला, समोर बघितलं आणि म्हणाला, "काकांनी मला विचारलं, ओळखलंस ना? मी ओळखलं नव्हतं. आता ओळखलंय."

त्याने माईक अध्यक्षबाईंकडे दिला. काकांनी त्याला जवळ ओढलं. माकडटोपी सभेत नव्हती, शाल होती. ती सरकून यतीनच्या डोळ्यांवर आली, आणि ते बरंच झालं.

त्या संध्याकाळी यतीन आपल्या खोलीवर राहायला गेला. बरोबर एक कुकर, दोन रजया आणि श्रीकांतचा जुना कोट होता. काकूंनी ब्रॅकनेलला एक डबा पोचता केला. आणि काकांच्या कमरेसाठी यतीनने जे व्यायाम लिहून दिले, ते काकांनी अनेकांना करायला लावले.

काकूंनी मात्र फर्मान काढलं: इथून पुढे पाटी. काका आठवडाभर बोलले नाहीत, दोन दिवस जेवले नाहीत असं दाखवलं, पण शेवटी तयार झाले. महिन्याभराने मुंबईहून शाल्मली नावाची मुलगी यायची होती. तनूने मोठ्या अक्षरांत तिच्या नावाची पाटी करून पाठवली. काका इस्त्रीचा शर्ट घालून, कमरेला पट्टा लावून हीथ्रोवर गेले, पाटी छातीशी धरून ताठ उभे राहिले आणि ह्या खेपेला त्यांनी कोणालाही मिठी मारली नाही. मुंबईची दोन्ही विमानं रिकामी झाली. बंदूकवाल्या पोलिसाने त्यांना चहा आणून दिला.

शाल्मली दुसऱ्याच विमानतळावर, गॅटविकला उतरली होती.